स्वतःचा डीएनएस, स्वतःचा मेल: कंपनीत काय ठेवायचं, बाहेर काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शिरोली एमआयडीसीत फाउंड्री, १२० मेलखाती, मेलसेवेचं भाडं दर वर्षी वाढतंय. सर्व्हर रूममध्ये एक चांगलं मशीन रिकामं पडलंय, लीज्ड लाइन आहे, आणि मालकांचं म्हणणं आहे की नेम सर्व्हर आणि मेल सर्व्हर दोन्ही आपल्याच छताखाली यावेत. आणावेत का?

आणा, पण मालकांच्या मनात आहे तसे नाही. डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा. तिची झोन फाइल, म्हणजे नावं आणि पत्त्यांची मूळ यादी, कंपनीत ठेवा आणि त्या यादीवरून जगाला उत्तर देणारे नेम सर्व्हर बाहेर ठेवा. येणारा मेल आणि मेलबॉक्स कंपनीत आणा. जाणारा मेल मात्र तुमच्या आयपीची, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या आकडी पत्त्याची, पत तयार झाल्याशिवाय थेट पाठवू नका. गेली बावीस वर्षं भोसरी-चाकणच्या कारखान्यांमध्ये मी हेच काम करतोय. ज्यांनी सगळं एकाच रॅकमध्ये कोंबलं त्यांच्याकडे मला रात्री-अपरात्री जावं लागलं, आणि ज्यांनी अशी विभागणी केली ते सुखाने झोपतात.

आधी डीएनएस, कारण मेल त्याच्यावर उभा आहे. तुमच्या डोमेनचे नेम सर्व्हर उत्तर देईनासे झाले की वेबसाइट, मेल, व्हीपीएन, सगळं एकदम अंधारात जातं. त्या सेवा धडधाकट चालू असल्या तरी त्यांचा पत्ताच कुणाला सापडत नाही. म्हणून किमान दोन नेम सर्व्हर, आणि ते वेगळ्या जागी, वेगळ्या नेटवर्कवर असावेत, हे इंटरनेटच्या नियमपत्रांपैकी १९९७ च्या आरएफसी २१८२ मध्ये स्वच्छ लिहिलंय. हा नियम मोठमोठ्यांनीही मोडून पाहिलाय. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे चारही नेम सर्व्हर एकाच नेटवर्कवर, एकाच राउटरच्या मागे होते. त्या राउटरच्या सेटिंगमध्ये चूक झाली आणि त्यांच्या मुख्य साइट जवळजवळ दिवसभर लोकांना दिसल्या नाहीत. सर्व्हर चार होते, पण वाट एकच होती. तुमच्या सर्व्हर रूममध्ये दोन मशीन शेजारी शेजारी ठेवून त्यांना एनएस१ आणि एनएस२ नाव दिलं, तर तीच गोष्ट छोट्या प्रमाणात होईल. एक लीज्ड लाइन, एक यूपीएस, आणि रस्त्यावर पाइपलाइनसाठी खोदणारा एक जेसीबी.

यावरची रचना जुनी आणि भरवशाची आहे. तिला हिडन प्रायमरी म्हणतात. मूळ झोन फाइल तुमच्या मशीनवर राहते. बाइंड, एनएसडी, नॉट, पॉवरडीएनएस हे नेम सर्व्हरचे प्रोग्रॅम, यातलं जे तुम्हाला येतं ते वापरा. बाहेरच्या दोन-तीन ठिकाणी सेकंडरी, म्हणजे त्या फाइलची प्रत ठेवणारे सर्व्हर, घ्या. रजिस्ट्रारकडे, म्हणजे जिथे डोमेन नोंदलंय तिथे, फक्त त्या सेकंडरींची नावं नोंदवा, तुमच्या मशीनचं नाव कुठेही देऊ नका. तुम्ही कंपनीत बदल करता, सिरियल, म्हणजे फाइलचा आवृत्तीक्रमांक, वाढवता, प्रायमरी सेकंडरींना नोटिफाय पाठवतो आणि ते नवी प्रत ओढून घेतात. तुमची लाइन तीन दिवस बंद राहिली तरी बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. मालकी तुमची, चोवीस तासांचा पहारा दुसऱ्याचा. झोन ट्रान्सफर, म्हणजे ही प्रत नेणं, टीसिग या गुप्त किल्लीने बांधा आणि फायरवॉलमध्ये फक्त त्या सेकंडरींनाच आत येऊ द्या.

झोन फाइलमधला एक्सपायर हा आकडा मात्र डोळे उघडे ठेवून भरा. प्रायमरीशी शेवटचा यशस्वी संपर्क झाल्यापासून किती काळ सेकंडरीने जुन्या प्रतीवरून उत्तरं द्यायची, ते हा आकडा ठरवतो. आरएफसी १९१२ दोन ते चार आठवडे सुचवते. मी चार आठवडे, म्हणजे २४१९२०० सेकंद ठेवतो. एका ठिकाणी मी तो ६०४८०० ठेवला होता, म्हणजे सात दिवस, आणि त्याने मला कायमचं शिकवलं.

भोसरीतल्या एका कारखान्यात प्रायमरी होता आणि दुसरा नेम सर्व्हर त्यांच्या मुंबईच्या ऑफिसात. तेव्हा प्रायमरी लपवलेला नव्हता, दोघेही जगाला उत्तर देत होते. एका सोमवारी भोसरीत नवा फायरवॉल बसला. बसवणाऱ्याने डीएनएसचं दार, म्हणजे पोर्ट ५३, फक्त यूडीपीवर उघडलं (छोटे प्रश्न यूडीपी पद्धतीने जातात, पूर्ण प्रत टीसीपीने), कारण डीएनएस म्हणजे यूडीपी असं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. मंगळवारी वेबसाइट नव्या जागी हलली, मी रेकॉर्ड बदलला, सिरियल वाढवला. मुंबईच्या सर्व्हरने यूडीपीवर विचारलं, सिरियल वाढलाय हे त्याला कळलं, आणि प्रत आणायला तो टीसीपीवर आला. दार बंद. पुन्हा आला, पुन्हा बंद. झोनमध्ये बदल झालाच नसता तर नुसता सिरियल जुळल्यावर त्याचं समाधान झालं असतं आणि एक्सपायरचं घड्याळ पुन्हा शून्यावर गेलं असतं. बदल झाला म्हणून ते घड्याळ चालत राहिलं.

त्या आठवड्यात काही जणांना नवी साइट दिसत होती, काहींना जुनी. मी म्हणालो, प्रोपगेशन, म्हणजे बदल जगभर पसरणं, चालू आहे, होईल. ते वाक्य मी त्यानंतर कधीही न तपासता उच्चारलेलं नाही. पुढच्या मंगळवारी सात दिवस भरले आणि मुंबईचा सर्व्हर सर्व्हफेल, म्हणजे उत्तर देता येत नाही, असं सांगायला लागला. तरी कुणाला कळलं नाही, कारण विचारणारे निमूटपणे भोसरीच्या सर्व्हरकडे वळत होते. मग आला गुरुवार. भोसरीत गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते आणि महावितरणची देखभालीची कामं त्याच दिवशी निघतात. यूपीएस दोन तास तगला आणि दुपारपासून ते डोमेन जगातून गायब झालं. शुक्रवारी सकाळी एका ग्राहकाच्या खरेदी विभागाने फोन करून विचारलं, कंपनी चालू आहे ना? त्यांच्या मेल सर्व्हरने त्यांना कळवलं होतं की चार तास झाले, मेल पोचत नाहीये, प्रयत्न सुरू आहे. मेल एकही हरवला नाही, दुपारपर्यंत सगळे आले. पण त्या फोनवर काय उत्तर द्यावं हे विक्री विभागाच्या साहेबांना सुचलं नव्हतं, आणि त्याची जबाबदारी माझी होती.

तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी मी एक छोटी स्क्रिप्ट लावतो. कंपनीबाहेरच्या एका मशीनवरून दर पाच मिनिटांनी प्रत्येक नेम सर्व्हरला एसओए, म्हणजे सिरियल असलेला रेकॉर्ड, विचारायचा, एकदा यूडीपीवर आणि एकदा टीसीपीवर, आणि सगळ्यांचा सिरियल सारखा आहे का ते पाहायचं. पंधरा मिनिटं फरक राहिला तर मोबाइलवर एसएमएस. मेलने इशारा पाठवू नका. मेलच बंद पडला असेल तर तो इशारा वाचणार कोण?

त्याच जातीची आणखी एक गोष्ट. रजिस्ट्रारकडच्या खात्याला कंपनीच्याच डोमेनवरचा मेलपत्ता देऊ नका. नेम सर्व्हर चुकीचे नोंदले गेले आणि खात्यात शिरायला ओटीपी त्याच डोमेनवर येणार असेल, तर किल्ली तिजोरीत आणि तिजोरी बंद. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक सुमारे सहा तास बंद पडलं, तेव्हा दुरुस्त करणाऱ्यांची आतली साधनंही त्याच डीएनएसवर टेकलेली होती, म्हणून त्यांना आत शिरायलाच वेळ लागला. आणि डोमेन मुळात कंपनीच्या नावावर आहे ना, ते आजच तपासा. वेबसाइट बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेऊन ठेवलेली डोमेनं मी इतकी पाहिली आहेत की कुठल्याही कामाची सुरुवात मी त्या तपासणीनेच करतो.

जगाला उत्तर देणारा नेम सर्व्हर आणि ऑफिसातल्या संगणकांसाठी नावं शोधणारा रिझॉल्व्हर, हे दोन वेगळे ठेवा. एकच बाइंड दोन्ही कामं करत असेल आणि कुणालाही रिकर्शन देत असेल, म्हणजे कुणासाठीही जगभरातली नावं शोधत असेल, तर महिन्याभरात कुणीतरी तुमचा सर्व्हर वापरून तिसऱ्यावरच हल्ला करेल. छोटा प्रश्न, मोठं उत्तर, आणि विचारणाऱ्याचा पत्ता खोटा. २०१३ च्या मार्चमध्ये स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउसवर झालेला प्रचंड हल्ला अशाच उघड्या रिझॉल्व्हरांच्या जोरावर झाला होता.

रिझॉल्व्हर मात्र पूर्णपणे कंपनीत चालवा, आणि मेल सर्व्हरवर तर हवाच. तिथे अनबाउंड हा रिझॉल्व्हर बसवा. मेल सर्व्हरला गूगलचा ८.८.८.८ लावून देण्याची सवय सार्वत्रिक आहे, पण स्पॅमहाउससारख्या काळ्या याद्या मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरांकडून आलेल्या प्रश्नांना खरं उत्तर देत नाहीत. १२७.२५५.२५५.२५४ असा, प्रश्नच चुकीच्या वाटेने आला हे सांगणारा आकडा परत येतो. तुमच्या सेटिंगने कुठलंही उत्तर म्हणजे स्पॅम असं धरलं, तर येणारा प्रत्येक मेल नाकारला जाईल, आणि तुम्ही दिवसभर फायरवॉल तपासत बसाल.

आता मेल. एक गोष्ट लोकांना उलटी वाटते: मेल घेणं सोपं आहे, पाठवणं अवघड. मेल नेण्याची पद्धत, म्हणजे एसएमटीपी, १९८२ पासून आहे आणि त्याच्या रचनेतच संयम आहे. तुमचा सर्व्हर बंद असला तर पाठवणारा मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा येतो. चार-पाच दिवस प्रयत्न करावेत असं आरएफसी ५३२१ सांगते, आणि पोस्टफिक्स या मेल सर्व्हरची मुळातली मर्यादा पाच दिवसांचीच आहे. म्हणून रविवारी रात्री चार तास वीज गेली तर मेलच्या बाबतीत घाबरण्यासारखं काही नाही. याच कारणाने बॅकअप एमएक्स, म्हणजे मेल घेणारा पर्यायी सर्व्हर, लावू नका असं मी सांगतो. पूर्वी त्याचा उपयोग होता. आज त्याच्यावर स्पॅमवाले आधी तुटून पडतात, कारण तिथली गाळणी ढिली असते.

मेल घेणारं-पाठवणारं पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळणारं डव्हकॉट आणि स्पॅम गाळणारं आरस्पॅमडी हे त्रिकूट १२० खात्यांना सहज पुरतं. प्रत्येकाला १० जीबी धरले तर सव्वा टीबीच्या आसपास होतात. दोन टीबीच्या दोन एसएसडी मिरर करून लावा. नको असलेला मेल दारातच नाकारा, आत घेऊन मग परत पाठवू नका, कारण पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेकदा चोरलेला असतो आणि तुमचा बाउन्स भलत्याच माणसाला जातो. सांकेतिक जोडणीसाठीचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं चालेल, पण ते जास्तीत जास्त नव्वद दिवसांचं असतं. नूतनीकरण आपोआप होतं, पण पोस्टफिक्स आणि डव्हकॉटला रीलोड द्यायचं राहून जातं आणि एका सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर इशारे येतात. रीलोडची ओळ नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या हुकमध्ये घाला.

पाठवण्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे निर्णय समोरचा घेतो. पहिली पायरी रिव्हर्स, म्हणजे पीटीआर. तुमच्या आयपीवरून नाव निघालं पाहिजे, त्या नावावरून तोच आयपी निघाला पाहिजे, आणि मेल सर्व्हरने हेलो म्हणताना तेच नाव सांगितलं पाहिजे. पीटीआर तुमच्या झोन फाइलमध्ये लिहून होत नाही, तो आयपी ज्याने दिला त्याच्याकडे असतो. लीज्ड लाइनवाल्याला लेखी अर्ज द्यावा लागतो, आणि पहिल्या फोनवरच्या माणसाला रिव्हर्स डीएनएस म्हणजे काय हे बहुधा माहीत नसतं. आयपी, हवं असलेलं नाव आणि पीटीआर हा शब्द, एवढंच मेलमध्ये लिहा, आणि काम झालं की स्वतः डिग या कमांडने तपासा. एकदा मला मिळालेल्या रेकॉर्डमध्ये शेवटचा टिंब राहिला होता, आणि नावापुढे त्यांच्या झोनचं सगळं शेपूट चिकटून आलं होतं.

साध्या ब्रॉडबँडवर हा खटाटोप करू नका. ते आयपी स्पॅमहाउसच्या पीबीएल, म्हणजे थेट मेल पाठवू नये अशा आयपींच्या, यादीत बहुधा मुळातच असतात. ॲमेझॉन किंवा गूगलच्या क्लाउडवर मशीन घेतलं तरी बाहेर जाणारं पोर्ट २५, म्हणजे मेल सर्व्हरांचं आपसातलं दार, मुळात बंद असतं.

मग एसपीएफ (तुमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्यांची यादी), डीकिम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारा नियम). एसपीएफमध्ये दहापेक्षा जास्त डीएनएस शोध झाले तर तो अवैध ठरतो, म्हणून इन्क्लूडची, म्हणजे दुसऱ्यांच्या याद्या जोडण्याची, माळ लावण्यापेक्षा शक्य तिथे सरळ आयपी लिहा. डीकिमची किल्ली २०४८ बिटांची घ्या. ती डीएनएसच्या टीएक्सटी रेकॉर्डमध्ये जाते, तिथली एक ओळ २५५ अक्षरांपलीकडे जात नाही आणि ही किल्ली त्याहून लांब असते, म्हणून ती दोन अवतरणांत तोडून लिहावी लागते. तोडताना एखादं अक्षर गळलं की सही जुळत नाही, आणि डोळ्यांना चूक दिसत नाही. डीमार्क आधी पी=नन, म्हणजे कारवाई नको, असा ठेवा आणि रोज येणारे अहवाल किमान दोन महिने वाचा. तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतंय हे तिथेच कळतं: ईआरपी, पगारपत्रकं पाठवणारी सेवा, स्टोअर्समधला स्कॅन करून मेल करणारा प्रिंटर. सगळे सापडले की क्वारंटाइन, मग रिजेक्ट.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने हे नियम कडक केले. रोज पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही हवेत. त्याखालच्यांना जीमेलसाठी एसपीएफ किंवा डीकिम, बरोबर पीटीआर आणि टीएलएस (वाटेतलं सांकेतिकीकरण) हवं. तुम्ही पाच हजारांच्या खूप खाली असाल, तरी तिन्ही करा.

एवढं सगळं बरोबर असूनही नव्या आयपीवरचा मेल पहिले काही आठवडे स्पॅममध्ये जाऊ शकतो. आयपीला इतिहास नसतो, किंवा आधीच्या भाडेकरूचा वाईट इतिहास असतो. म्हणून सुरुवातीला जाणारा मेल एखाद्या रिले सेवेतून, म्हणजे तुमचा मेल स्वतःच्या आयपीवरून पुढे नेणाऱ्या सेवेतून, पाठवा, आणि मग एकेक विभाग थेट वाटेवर आणा. आधी आतल्या गोष्टी पाहणारा स्टोअर्स विभाग, शेवटी निर्यात विभाग. सहा महिन्यांनीही मोठ्या मेलसेवांकडे तुमचा मेल नीट उतरत नसेल तर रिले कायम ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. मेलबॉक्स, लॉग आणि बॅकअप तुमच्याकडेच आहेत.

आणि ही पत एका रात्रीत जाते. एका कंपनीत खरेदी विभागातल्या एकाचा पासवर्ड त्याचं नाव आणि १२३ एवढाच होता. रविवारी पहाटे कुणीतरी तो ओळखला आणि रीतसर लॉगिन करून, खातेदारांनी मेल पाठवायच्या पोर्ट ५८७ वरून मेल सोडायला सुरुवात केली. सोमवारी सकाळी मेलक्यू, म्हणजे मेलची रांग, पाहिली तर स्क्रीन सरकतच राहिली, ४१ हजार मेल रांगेत होते. रांग रिकामी करायला वीस मिनिटं लागली, काळ्या याद्यांतून बाहेर यायला तीन आठवडे. त्यानंतर मी प्रत्येक खात्याला तासाला शंभर मेलांची मर्यादा घालतो, चुकीचे पासवर्ड टाकत राहणाऱ्याला अडवणारा फेल२बॅन लावतो, आणि रांग दोनशेच्या वर गेली की एसएमएस येतो. हे तिन्ही पहिल्या दिवशी करा.

कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी वेळसर्व्हरशी जुळती ठेवायची, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. सर्व्हर तुमचा म्हटल्यावर हे सगळं तुमच्याकडे आलं. मालकांना हे आत्ताच सांगा. लॉग ठेवायला वेगळी डिस्क लागेल, आणि सहा तासांत फोन उचलणारा माणूस लागेल.

तो माणूस हाच माझ्या मते खरा खर्च आहे. तुम्ही एकटेच असाल, तर मेलबॉक्स आणू नका, हिडन प्रायमरी आणि रिझॉल्व्हर एवढ्यावर थांबा. गणपतीला गावी गेलात आणि मंगळवारी डिस्क भरली तर कोण पाहणार? दुसरा माणूस तयार करा. त्याच्याकडून एकदा बॅकअपमधून संपूर्ण मेलबॉक्स परत आणून घ्या, तुम्ही शेजारी बसून, हात न लावता. जो बॅकअप कधी परत आणून पाहिलेला नाही त्याला मी बॅकअप धरत नाही. पहिले दोन महिने रोज सकाळी अर्धा तास लॉग वाचायला लागेल, नंतर आठवड्याला चार-पाच तास. हे तास पगारात धरून मग भाड्याशी तुलना करा. १२० खात्यांवर पैशांची बचत फार दिसणार नाही. पण जुना मेल कधीही शोधता येणं, गेलेल्या माणसाचं खातं भाडं न भरता जपता येणं, आणि एखादा मेल का पोचला नाही याचं उत्तर स्वतःच्या लॉगमध्ये सापडणं, याची किंमत मला मोठी वाटते. यासाठीच मी हे काम आजही करतो.

मालकांना देवनागरी पत्ता हवा असेल तर .भारत डोमेन २०१४ पासून मिळतं आणि पोस्टफिक्स ३.० पासून असा मेल हाताळतो. समोरचे सगळे सर्व्हर तो घेत नाहीत, म्हणून त्याच मेलबॉक्सला रोमन पत्ताही जोडा.

सुरुवात पीटीआरच्या अर्जाने करा, उद्याच, कारण उत्तर यायला आठवडे लागू शकतात. तोवर हिडन प्रायमरी उभा करून सेकंडरींशी जुळवा. मेल हलवण्याच्या दोन दिवस आधी एमएक्सचा, म्हणजे तुमचा मेल सर्व्हर कोणता ते सांगणाऱ्या रेकॉर्डचा, टीटीएल (उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं तो आकडा) ८६४०० वरून ३०० वर आणा. बदल शनिवारी संध्याकाळी करा, आणि जुनी मेलसेवा लगेच बंद करू नका. निदान महिनाभर तिच्यात रोज एकदा डोकावा, तिथे उतरणारा प्रत्येक मेल कुठून आला ते पाहा. कुणाच्या तरी सर्व्हरवर तुमचा जुना पत्ता हाताने लिहून ठेवलेला असतो, आणि तो माणूस बहुधा तुमचा सर्वांत जुना ग्राहक असतो.